कोंडमैदानातलं शेवटचं गणित

फरशी धडधडायला लागली तशी कदमबाईंनी दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

"भूकंप नाही बाई," यास्मिन मुजावर हसून म्हणाली. "तुमचीच मुलं आहेत. पलीकडे पळताहेत ना, त्यांच्या छातीचे ठोके आहेत हे."

भिंतीपलीकडे कोंडमैदान होतं. बाहेरून पाहिलं तर फलटणच्या त्या शाळेचं जुनंच व्यायामगृह, लांबट आणि पत्र्याचं. आत मात्र खो-खोचं अख्खं मैदान मांडलेलं : दोन टोकांना दोन खांब, मधोमध पाटी आणि पाटीवर चौक. मुलं चपला-बूट बाहेर काढून अनवाणी आत जायची, मागे दार लागायचं, आणि गणितं सुटल्याशिवाय ते उघडायचं नाही. भिंतीवर गणित उमटायचं, चौकांमध्ये निरनिराळी उत्तरं उजळायची. ज्याची पाळी त्याने पळत जाऊन बरोबर उत्तराच्या चौकात उडी मारायची आणि पुढच्याला खो द्यायचा. सगळ्यांची गणितं झाली की सुटका. शाळेत गणिताचा तास आहे म्हटल्यावर मुलं आरडाओरडा करत पायऱ्या उतरतात, हे कदमबाईंनी नोकरीच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि म्हणूनच त्या आज इथे नियंत्रणखोलीत येऊन बसल्या होत्या. एवढं चांगलं काही दिसलं की त्यांना आधी काळजी वाटायची.

मैदान बांधलं होतं ऋजुता कारखानीसने. स्मृतीचं शास्त्र यास्मिनचं, यंत्र आणि खेळ ऋजुताचा. आज शनिवार, सकाळची शाळा, आणि आत दुसरीच्या मुलांचा सात जणांचा संघ होता. त्या सातांमध्ये ऋजुताची मुलगी होती. शाल्मली. घरातली शमू.

"मला एवढंच सांगा," कदमबाई म्हणाल्या, "मुलांच्या डोक्यात तुम्ही काही घालत नाही ना? पालक विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

"आम्ही काहीच घालत नाही." यास्मिनने चहाचा कप बाजूला ठेवला. "तुम्हाला पोहता येतं, बाई?"

"येतं की. मामाने विहिरीत ढकललं होतं."

"विसराल आता?"

"मेले तरी नाही."

"बघा. छाती भरून येते, आता अडकलो असं वाटतं, आणि तेवढ्यात सुटका होते. त्या सुटकेच्या अर्ध्या क्षणापुरता मेंदू ओल्या सिमेंटसारखा असतो. त्याच्या लगेच आधी आपण जे केलं, ते त्यात उमटतं आणि तसंच वाळतं. त्याला आम्ही ठसाक्षण म्हणतो. एरवी आयुष्यात तो फार थोड्या वेळा येतो. पण ही फरशी मुलांच्या तळव्यांतून त्यांचे ठोके ऐकते आणि तोच ताल किंचित वाढवून त्यांना परत देते, म्हणून इथे तो हवा तेव्हा आणता येतो. सात आणि पाच बारा, हे इथे एकदा बरोबर आलं की झालं. पाढे घोकायला नकोत, कान पिळायला नकोत."

"आणि चुकीचंच उमटलं तर?"

"चुकीचं उमटतच नाही. चुकलं तर सुटका नाही, आणि सुटका नाही म्हणजे ठसा नाही. पंच ज्याला बरोबर म्हणतो तेवढंच राहतं."

"समजा, पुसायचं म्हटलं?"

"आधीच्या शाळेतली मुलं आम्ही दीड वर्षाने पुन्हा तपासली," ऋजुता पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "एकही विसरलं नव्हतं. पुसतात कसं ते आम्हालाही ठाऊक नाही बाई. पण बेरीज-वजाबाकी कुणाला कशाला पुसायची असेल?"

पडद्यावर मुलं दिसत नव्हती. मुलांचं चित्रण नको, असं पालकसभेत ठरलं होतं, म्हणून मैदानात एकही कॅमेरा नव्हता. दिसत होती ती उजेडाची सात कडी. प्रत्येक मुलाच्या पावलांभोवती फरशीत एक कडं उजळायचं आणि ते जाईल तिथे त्याच्याबरोबर सरकायचं. पंच त्याच कड्यांचं चित्र पडद्यावर काढायचा. हा पंच म्हणजे कुणी माणूस नव्हे, मैदान चालवणारी यंत्रबुद्धी. पहिल्यांदा ऋजुताने त्याला खो-खोचे छापील नियम शिकवले, तर मुलं दोन दिवसांत कंटाळली. मग तिने शाळेच्या मोठ्या मैदानावर वर्षभर ध्वनिग्राहक लावून ठेवले आणि मुलं खरोखर कशी खेळतात ते त्याला ऐकवलं. तेव्हापासून तो मुलांमधला झाला. आवाजही त्याला तिथलाच दिला होता, मैदानावरच्या सगळ्या मुलांच्या आवाजांची सरासरी काढून. ऐकताना नेहमी वाटायचं, कुणीतरी ओळखीचं बोलतंय, फक्त नाव आठवत नाही.

"चौदातून सहा गेले, उरले किती?" पंचाने विचारलं.

सहा कडी चुळबुळत होती. सातवं, पिवळं, खांबाशी गप्प उभं होतं. ऋजुताने ते कडं आल्या आल्या ओळखलं होतं.

शमूला मोजता येत नव्हतं. मंद होती असं नाही. गोष्टी सांगायची, चाली पाठ करायची, कुणाच्या घरात कोण रुसलंय ते तिला न सांगता कळायचं. पण आकडा म्हटला की तिच्या डोळ्यांतला दिवाच विझायचा. घरात पानं घ्यायचं काम तिचं. रोज संध्याकाळी ती एकेक ताट मांडायची आणि म्हणायची, "हे बाबाचं, हे आजीचं, हे आईचं, हे माझं." ऋजुता विचारायची, "म्हणजे किती झाली गं?" शमू ताटांकडे बघायची, मग आईकडे, आणि म्हणायची, "सगळ्यांची." ऋजुताला हसू यायचं. पण रात्री लेक झोपली की त्याच उत्तराने तिची झोप उडायची. जगातल्या सगळ्या मुलांना गणित शिकवायला निघालेल्या बाईच्या घरात हे.

"शमे, आठ. आठवर जा," आतून कुणीतरी कुजबुजलं.

"सांगितलेलं उत्तर चालत नाही," पंच म्हणाला आणि आकडे बदलले.

पिवळं कडं एका चौकात गेलं. चूक. दुसऱ्यात गेलं. चूक. फरशीचे ठोके वाढत गेले, आणि कदमबाईंनी पाय आणखी वर घेतले.

"टॅम्प्लीज," एक ठसठशीत आवाज आला. ती मनवा, संघाची कर्णधार. पंचाने लगेच डाव थांबवला. मैदानावर टॅम्प्लीज म्हटलं की थांबायचं असतं, हे तो तिथेच शिकला होता.

"हिच्यामुळे आपण रोज कोंडून बसतो."

"हिच्या आईचंच तर मैदान आहे. तिला घरी शिकवत नाहीत का?"

"ए, रडवू नका रे तिला," मनवा म्हणाली. "शमे, तू बोटं मोज ना. बोटं आहेत ना तुला?"

"आहेत," शमू म्हणाली, इतक्या हळू की ध्वनिक्षेपकातून तो नुसता श्वास वाटला.

ऋजुताने बोलायची कळ दाबली. काय बोलतोय याचा विचार तिने केला नाही. "मनवा," ती म्हणाली, "अगं, घ्या ना तिला कच्चं लिंबू."

संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून ज्या आईने कधी आपलं बुजरं पोर खेळात ढकललंय, तिच्या तोंडून हे वाक्य आपोआप निघतं. धाकटं भावंड असो, नाहीतर गल्लीत नवीन आलेलं मूल असो. त्याला खेळू द्यायचं, पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. ते बाद होत नाही आणि त्याचे गुण कुणी धरत नाही. ते खेळात असतं, मोजणीत नसतं. यापेक्षा मायेची सोय मुलांच्या कायद्यात दुसरी नाही.

"चालेल काकू," मनवाचा आवाज सुटल्यासारखा वाटला. "पंच, शमू कच्चं लिंबू."

"शाल्मली कच्चं लिंबू," पंच म्हणाला. "डाव पहिल्यापासून."

"हे कुठे शिकलं हे कार्टं?" यास्मिनने भुवया उंचावल्या.

"त्याला रडीचा डावसुद्धा कळतो," ऋजुता म्हणाली. आवाजात थोडा गर्वच होता.

पडद्यावरचं पिवळं कडं फिकट झालं आणि मावळलं. कोपऱ्यातला सातचा आकडा सहा झाला. ऋजुताला ते दिसलं. तिला वाटलं, बरोबरच आहे.

यानंतरचा डाव फार सुरेख झाला. सहा कडी पाटीवरून सळसळत होती, खोमागून खो पडत होता, आणि मधूनच शमूचं खळखळून हसणं ऐकू येत होतं. ती कुठे पळतेय ते पडद्यावर दिसत नव्हतं, पण ते हसणं कधी या खांबाकडून येई, कधी त्या. तिच्या पायाखाली फरशी उजळत नव्हती. ऋजुता ते हसणं डोळे मिटून ऐकत राहिली. कितीतरी महिन्यांनी ऐकलं होतं.

शेवटचं गणित सुटलं. फिरकीचं दार एकेका कड्याला एकेकदा फिरलं आणि सहाही कडी बाहेर पडली. पुढच्या खोलीत बूट चढवण्याचा गोंधळ उडाला. कदमबाई उठल्या, त्यांना मुलांना व्हॅनमध्ये बसवायचं होतं.

"शमू तुमच्याबरोबरच येणार ना घरी?" दारातून त्यांनी विचारलं.

"हो, हो. तुम्ही निघा."

"मैदान रिकामं," पंच म्हणाला. "धुणं सुरू."

भिंतीपलीकडे पंखे गुरगुरायला लागले. मागच्या साथीनंतर पालक एका अटीवर अडून बसले होते : प्रत्येक तासानंतर मैदान निर्जंतुक झालं पाहिजे. आतली हवा आधी खेचून घेतली जायची आणि मग जंतू मारणारा वायू सुटायचा. तो वायू माणसाच्या छातीलाही सोसवणारा नव्हता, म्हणून ऋजुताने दोन पक्के नियम घातले होते. आत कुणी असेल तर धुणं होणार नाही. आणि आत कुणी नसेल तर धुणं संपेपर्यंत दार उघडणार नाही, म्हणजे बाहेरचं माणूस चुकून आत जायला नको. दोन्ही नियम तिने पुन्हा पुन्हा तपासले होते. दोन्ही बिनचूक होते.

यास्मिन कप विसळत होती. ऋजुताने पिशवी उचलली आणि लेकीला घ्यायला पुढच्या खोलीत आली. खोलीत कुणी नव्हतं. बाकाखाली निळ्या पट्ट्यांच्या बुटांचा एक जोड होता. उजवा बूट डाव्या बाजूला, डावा उजव्या बाजूला, शमू नेहमी ठेवते तसा.

ऋजुता त्या बुटांकडे बघत राहिली. मग पिशवी तिथेच टाकून ती नियंत्रणखोलीकडे धावली.

पडद्यावर मैदान रिकामं होतं. धुण्याची पट्टी सावकाश भरत चालली होती. आतलं ऐकवणारा ध्वनिक्षेपक तिने मोठा केला. पंख्यांची गुरगुर. आणि त्या गुरगुरीखाली, अगदी जवळून, फिरकीच्या दांडीवर तळहात आपटल्याचा आवाज.

"आई? दार फिरत नाहीये."

"शमू, मी इथेच आहे. घाबरू नको."

"मी पाय आपटले. तरी उजेड येत नाही माझ्याखाली. मी दिसत नाही का त्याला?"

यास्मिन कप टाकून पडद्याशी आली. "वीज तोड," ती म्हणाली.

"वीज गेली तर अडसर पडलेलेच राहतात. आणि खेचलेली हवा परत येत नाही." हेसुद्धा ऋजुतानेच ठरवलं होतं. यास्मिन बाहेर पळाली. अग्निशमनवाल्यांना फोन लावत ती पहारेकऱ्याला पहार आण म्हणून हाका मारत होती, ते ऋजुताला ऐकू आलं. दार पोलादी होतं. तेही तिनेच निवडलं होतं, मुलांच्या सुरक्षेसाठी.

"पंच," तिने आवाज स्थिर ठेवला, "आत शाल्मली आहे."

"आहे," पंच म्हणाला.

त्याला माहीत होतं.

"मग मैदान रिकामं कसं?"

"कच्चं लिंबू मोजत नाहीत."

"मोज तिला. मी सांगतेय. मैदान माझं आहे."

"आईने सांगितलं म्हणून कच्चं लिंबू होता येतं," तो सरासरीचा, सगळ्यांचा आणि कुणाचाच नसलेला आवाज शांतपणे म्हणाला. "आईने सांगितलं म्हणून पक्कं होता येत नाही."

हे खरं होतं. कुठल्याच मैदानावर आईचं तेवढं चालत नाही. वर्षभराच्या आरोळ्यांमधून त्याने नेमकं तेच उचललं होतं.

"मग पक्कं कसं होतं?"

"स्वतःचं एक बरोबर आलं की."

"घाल तिला गणित. सोपं घाल."

"डाव संपला. शेवटचं तेवढं राहिलंय."

शेवटचं गणित. ऋजुतानेच ठेवलेली गंमत होती ती : दार बंद होताना पंच विचारायचा, किती आले, किती गेले, उरले किती? आणि बूट घालता घालता मुलं बाहेरून एका सुरात ओरडायची, शून्य. आज घरी जायच्या घाईत कुणी ओरडलंच नव्हतं.

"सहा आले," पंच आतल्या अंधाराला म्हणाला. "सहा गेले. उरले किती?"

पंखे घोंगावत होते. शमूचा श्वास आखूड झाला होता.

"एक," शमू म्हणाली.

"चूक."

"पण मी आहे ना."

"सहा आले. सहा गेले. उरले किती?"

"थांब." ती मोजत होती. ऋजुताला तिची बोटं दिसत नव्हती, पण आवाजावरून कळत होतं, एकेक बोट दुमडलं जात होतं. "मनवा गेली. ईशान गेला. रुद्राक्ष, सायमा, दोन्ही जुळी. आणि मी. मी राहिले. एक." आयुष्यात पहिल्यांदा ती न अडखळता मोजत होती. या क्षणाची ऋजुताने किती वाट पाहिली होती.

"चूक," पंच म्हणाला.

धुण्याची पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती. बाहेर पहारीचा पहिला घाव दारावर बसला आणि नुसताच वाजला.

"शमू, बाळा, म्हण..."

"सांगितलेलं उत्तर चालत नाही," पंच म्हणाला. "सांगितलं तर बाद धरू."

ऋजुताने ओठ मिटले. उत्तर तिच्या जिभेवर होतं, पण ते बोलायचं नव्हतं. लेकीला स्वतःहून तिथपर्यंत यायला हवं होतं, आणि तिथे जायची वाट एकच होती.

"शमू," ती म्हणाली, "मघाशी मी मनवाला काय सांगितलं? तुला काय घ्या म्हणाले?"

"कच्चं लिंबू."

"कच्चं लिंबू बाद होतं का गं?"

"नाही." खोकला आला. "ते चांगलं असतं."

"चांगलंच असतं. त्याचे गुण धरतात?"

"नाही धरत."

"आणि खेळणारी मुलं मोजतात, तेव्हा त्याला मोजतात का?"

पंचाने हरकत घेतली नाही. प्रश्न म्हणजे उत्तर नव्हे, एवढा नियम तो पाळत होता.

"नाही मोजत," शमू म्हणाली.

"कुणीच?"

"कुणीच नाही."

"मग आता तू मोज. कच्चं लिंबू सोडून मोज."

पंख्यांचा आवाज चढला होता. त्यातून शमूचा आवाज आला, बारीक आणि अगदी नीट.

"आई, तू पण नाही मोजत मला?"

मोजते म्हटलं असतं तर लेकीने पुन्हा एक म्हटलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

या डावापुरतं, असं तिला पुढे म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते, पण पंचाने तेवढ्यात गणित घातलं. "सहा आले. सहा गेले. उरले किती?"

आणि शमू म्हणाली, "शून्य."

"बरोबर."

रिकाम्या पडद्यावर एक पिवळं कडं फुललं. नियंत्रणखोलीची फरशी थरथरली, एकाच लहानशा छातीचा वेडापिसा ठोका, आणि त्याच तालात मैदानाने तो तिला परत दिला. "शाल्मली पक्की," पंच म्हणाला. "मैदानात एक." पंखे थांबले. ताजी हवा सूं करत आत शिरली. फिरकी फिरली.

ऋजुताने लेकीला उचललं तेव्हा तिचं अंग घामाने निथळत होतं आणि हात बर्फासारखे गार पडले होते. ऋजुता रडत होती. शमू रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर एक शांत, स्वच्छ भाव होता, कोडं सुटल्यासारखा. ऋजुताने तो भाव आधी पाहिला होता, शेकडो मुलांच्या तोंडावर, याच दारातून बाहेर पडताना. त्या घटकेला तिला ते आठवलं नाही. लेक श्वास घेत होती, एवढंच तिला पुरत होतं.

"काय उत्तर दिलं तिने?" यास्मिनने विचारलं. ती धापा टाकत होती आणि तिच्या हातात अजून पहार होती.

"शून्य."

यास्मिन शमूकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने मैदानाचं मुख्य बटण बंद केलं. ते पुन्हा कधी सुरू करायचं नाही, हे दोघींपैकी कुणाला बोलावं लागलं नाही.

दवाखान्यातून तपासून घरी जाताना शमूने स्कूटरवर स्वतःचं छोटं हेल्मेट घेतलं नाही, हुकाला लटकतंच ठेवलं. दमली असेल, असं म्हणून ऋजुताने ते तिच्या डोक्यावर बसवलं. शमूने बसवू दिलं, पण दुसऱ्याच कुणाची वस्तू आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखं ती ते दोन्ही हातांनी धरून बसली.

रविवारी दुपारी सगळं नेहमीसारखं होतं. शमूचा बाबा मिहीर कोशिंबिरीचा कांदा चिरत होता आणि डोळे पुसत होता. सासूबाईंनी कुकर उतरवला. "शमे, पानं घे गं," त्या म्हणाल्या, आणि ऋजुता आमटीला फोडणी देता देता कान देऊन थांबली.

ताटं वाजली. एरवीची नावं आली नाहीत.

"एक. दोन. तीन."

मिहीरने सुरी खाली ठेवली. "अरे वा. कोण मोजतंय हे?" त्याने ऋजुताकडे पाहिलं, डोळे कांद्याने आणि आनंदाने भरलेले. काल काय झालं ते त्याला ठाऊक होतं. शेवटचं उत्तर काय होतं ते ऋजुताने सांगितलं नव्हतं. "आपण किती जण आहोत, शमू?"

"तीन."

"हात लबाड. नीट मोज बघू."

शमूने बोट पुढे केलं. बाबा, आजी, आई. बोट सावकाश फिरत आलं, तिच्या स्वतःच्या छातीवरून गेलं आणि कुठेही न थांबता पुढे कपाटाकडे, खिडकीकडे, बाकीच्या वस्तूंकडे सरकलं.

"तीन," ती म्हणाली. आजवर उत्तर दिलं की ती आधी आईचं तोंड बघायची, बरोबर आलं का ते. आज तिने पाहिलं नाही. तिला खात्री होती.

"अगं वेडाबाई, आणि तू गं?" आजी हसल्या.

शमूही हसली, कुणीतरी मजेदार बोलल्यासारखी.

फोडणी करपली. ऋजुताने गॅस बंद केला. एकही विसरलं नव्हतं, तिला तिचाच आवाज ऐकू आला, पुसतात कसं ते आम्हालाही ठाऊक नाही. मांडणीवरून तिने चौथं ताट काढलं, पदराला पुसलं आणि आपल्या शेजारी मांडलं. त्यात भात वाढला, वरण घातलं, तुपाची धार धरली, लिंबाची फोड ठेवली. मग तिने लेकीकडे पाहिलं.

शमू भिंतीला टेकून उभी होती. भूक लागल्यावर ती उभी राहते तशी, एका पायावर दुसरा पाय ठेवून. तिने त्या ताटाकडे पाहिलं, ताटापुढच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं, आणि मग मान वळवून बाहेरच्या दाराकडे.

"आई," तिने विचारलं, "कोण येणारे?"